दोन मोटारी आणि त्यांचे घडविणारे



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून संतसाहित्य, शिवकाल, शेती, सहकार असे विषय आपण नेहमी ऐकत आलात. आज मी आपल्यापुढे ठेवणार आहे तो विषय दोन मोटारींचा आहे. एक मोटार अमेरिकेची, शेवरोले कंपनीची कॉर्व्हेट. दुसरी जपानची, टोयोटा कंपनीची २००० जीटी. दोन्ही १९६७ सालच्या. दोन्ही वेगासाठी बांधलेल्या, दोनच माणसे बसतील अशा. आज त्या रस्त्यावर क्वचित दिसतात. त्या संग्राहकांच्या गाडीखान्यात राहतात आणि लिलावात कोट्यवधी रुपयांना विकल्या जातात.

वाशीमकरांनी या गाड्यांचे काय करायचे, असे कोणी विचारील, आणि ते योग्यच आहे. आपल्यापैकी कोणी त्या विकत घेणार नाही. परंतु मी हमाल, मापाडी आणि जिनिंगमधील कामगारांत आयुष्य काढलेला माणूस आहे. कोणतीही वस्तू पाहिली की ती कोणी केली, कोणत्या मजुरीवर केली आणि तिचे मोल कोणी ठरविले, हे विचारण्याची मला सवय जडली आहे. या दोन मोटारींना हा प्रश्न विचारला तेव्हा त्यांच्या इतिहासाचा एक धागा थेट आपल्या वऱ्हाडच्या कापसापर्यंत येतो असे मला दिसले. म्हणून आरंभ कापसापासूनच करतो.

१८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. पुढे आठच वर्षांनी, १८६१ मध्ये, अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. उत्तरेकडील सरकारच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडविली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकन कापूस अडकला. तोपर्यंत आखूड धाग्याचा आणि कचरट म्हणून ज्याला नाके मुरडली जात होती, त्या हिंदुस्थानी कापसाला एकाएकी सोन्याचा भाव आला. वऱ्हाडचा माल मुंबईच्या बाजारात उमरावतीच्या नावाने ओळखला जाई. चार वर्षे मुंबईत पैशाचा पूर आला. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले आणि मुंबईच्या पेढ्यांबरोबर वऱ्हाडचा कुणबीही आपटला. भाव चढला तेव्हा नफा दलालाच्या पेटीत गेला. उतरला तेव्हा कर्ज शेतकऱ्याच्या उंबऱ्यात आले. अमेरिकेशी आपली पहिली मोठी ओळख झाली ती अशी.

जपानशी ओळख झाली तीही कापसातूनच. १८९३ साली जमशेटजी टाटांच्या पुढाकाराने जपानी बोटकंपनी निप्पोन यूसेन कैशा हिची मुंबई ते जपान अशी बोटसेवा सुरू झाली. त्या बोटींतील मुख्य माल म्हणजे कापसाच्या गाठी. जपानी गिरण्यांनी आपल्या आखूड धाग्याच्या कापसात दुसरा कापूस मिसळून सूत काढण्याची कला साधली होती. कारंज्यासारख्या बाजारांतील कापूस जिनात सरकीपासून वेगळा होई, प्रेसमध्ये त्याची गाठ बांधली जाई आणि रेल्वेने ती मुंबईला जाई. पुढे जपान हा हिंदी कापसाचा मोठा गिऱ्हाईक झाला. तो इतका मोठा की १९३३ साली हिंदुस्थान सरकारने परदेशी कापडावर जबर जकात बसविली, तेव्हा जपानी गिरणीवाल्यांनी आपल्या कापसावर बहिष्कार घातला. १९३४ मध्ये करार झाला : जपानने वर्षाला १५ लाख गाठी घेतल्या तर त्याला ४० कोटी यार्ड कापड येथे विकता येईल. येथला शेतकरी, येथला विणकर आणि जपानचा गिरणीकामगार हे तिघे एका कागदावर बांधले गेले. तिघांपैकी एकालाही कोणी विचारले नव्हते.

ज्या जपानी गिरण्यांत हे सूत विणले जाई त्यांना माग लागत. साकिची तोयोदा नावाच्या एका सुताराच्या मुलाने १९२४ मध्ये आपला स्वयंचलित माग सिद्ध केला. धागा तुटला की हा माग आपोआप थांबे, त्यामुळे एक कामगार अनेक माग सांभाळू शके. १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स कंपनीने त्या मागाचे हक्क एक लाख पौंडांना घेतले. साकिचीचा मुलगा किईचिरो याने मागाच्या कारखान्यातच मोटारीचे प्रयोग आरंभिले आणि १९३७ मध्ये टोयोटा मोटार कंपनी स्थापन झाली. कारंज्याच्या कापसातून टोयोटा निघाली असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणे पोरकटपणाचे होईल. पण कापूस, माग आणि मोटार ही एकाच साखळीची कडी आहेत आणि त्या साखळीचे एक टोक आपल्या शेतात होते, एवढे म्हणण्यास हरकत नाही.

आता अमेरिकन गाडीकडे वळू. कॉर्व्हेट प्रथम लोकांसमोर आली ती जानेवारी १९५३ मध्ये, न्यूयॉर्कच्या एका मोठ्या हॉटेलातील प्रदर्शनात. ३० जून १९५३ रोजी तिचे उत्पादन मिशिगन राज्यातील फ्लिंट या गावी सुरू झाले. त्या वर्षी फक्त ३०० गाड्या झाल्या, सगळ्या पांढऱ्या. अंग पत्र्याचे नव्हते. काचेच्या तंतूंवर राळ चढवून ते घडविले होते. संग्राहकांना ही माहिती तोंडपाठ असते. पण फ्लिंट हे नाव मोटारींच्या शौकिनांआधी कामगारांना ठाऊक होते.

याच फ्लिंटमध्ये ३० डिसेंबर १९३६ रोजी जनरल मोटर्सच्या कामगारांनी कारखान्याबाहेर न पडता आतच बैठक मारली. बाहेर राहून संप केला तर मालक दुसरी माणसे लावतो. आत बसले तर यंत्रही थांबते आणि मालकाला ते मोडण्याचीही भीती वाटते. १ फेब्रुवारी १९३७ रोजी कामगारांनी शेवरोलेचा इंजिनांचा चौथा कारखानाही ताब्यात घेतला. बायकांनी लाल टोप्या घालून बाहेर फळी उभारली. राज्याच्या गव्हर्नराने शिपाई बोलाविले, पण कामगारांवर ते सोडले नाहीत. ११ फेब्रुवारीला, ४४ दिवसांनी, जगातील सर्वांत मोठ्या मोटारकंपनीने युनियनला मान्यता दिली. त्यानंतर सोळा वर्षांनी त्याच गावात पहिली कॉर्व्हेट बाहेर पडली. लिलावाच्या पुस्तिकेत त्या ३०० गाड्यांपैकी प्रत्येकीचा क्रमांक असतो. त्या ४४ दिवसांचा उल्लेख मला कोठे आढळला नाही.

टोयोटाचा मार्ग वेगळा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जपान भुईसपाट झाला होता. १९४९ मध्ये अमेरिकन अधिकाऱ्यांच्या सल्ल्याने तेथे चलन आकसण्याचे कडक धोरण आले. मोटारी खपेनात, पगार थकले आणि टोयोटा बुडण्याच्या बेतात आली. बँकांनी कर्ज दिले ते कामगार कमी करण्याच्या अटीवर. कोणालाही काढणार नाही असा शब्द किईचिरोने दिला होता. एप्रिल १९५० मध्ये संप सुरू झाला आणि जूनपर्यंत चालला. अखेर दोन हजारांहून अधिक माणसे बाहेर पडली, आणि दिलेला शब्द मोडावा लागला म्हणून किईचिरो तोयोदाने स्वतः अध्यक्षपद सोडले. त्याच महिन्याच्या २५ तारखेला कोरियाचे युद्ध सुरू झाले, अमेरिकन सैन्याने टोयोटाकडून मालमोटारी मागविल्या आणि कंपनी वाचली. काढलेल्या माणसांच्या दृष्टीने पाहिले तर काही आठवड्यांचा फरक होता. किईचिरो १९५२ मध्ये वारला. आपल्या नावाची गाडी जगभर धावताना त्याने पाहिली नाही.

१९५० च्या मे-जून महिन्यांकडे आपण नीट लक्ष द्यावे असे मला वाटते. २३ मे १९५० रोजी अमेरिकेत जनरल मोटर्स आणि मोटारकामगारांची युनियन यांच्यात पाच वर्षांचा करार झाला. त्यात निवृत्तिवेतन आले, महागाईप्रमाणे वाढणारा पगार आला, औषधपाण्याचा अर्धा खर्च आला. बदल्यात कारखाना कसा चालवायचा हे ठरविण्याचा अधिकार मालकाकडे राहिला. दोनतीन आठवड्यांच्या आतच जपानमध्ये टोयोटाचा संप कामगार हरले. तेथेही पुढे समझोता झाला, पण तो वेगळ्या पायावर : उरलेल्यांची नोकरी टिकवायची आणि कामगारांनी उत्पादनवाढीला साथ द्यायची. १९६२ मध्ये टोयोटाच्या मालकाने व युनियनने तशी संयुक्त घोषणाच केली. अमेरिकन कामगाराने पगाराची हमी मिळविली, पण कामावरचा शब्द गमावला. जपानी कामगाराने कामाबद्दल सुचविण्याची जागा मिळविली, पण मालकाला नाही म्हणण्याची ताकद गमावली. पुढच्या दोन्ही मोटारींवर या दोन तडजोडींची छाया आहे.

आता १९६७ सालच्या त्या गाड्या शेजारी शेजारी उभ्या करू.

कॉर्व्हेट तेव्हा सेंट लुईसच्या कारखान्यात बनत असे. त्या एका वर्षात २२,९४० कॉर्व्हेट तेथून बाहेर पडल्या. तिच्या मोठ्या इंजिनात आठ सिलिंडर, आकारमान सात लिटर. त्यातही एल-८८ नावाचा एक प्रकार होता. कंपनी कागदावर त्याची शक्ती ४३० अश्वशक्ती सांगे, प्रत्यक्षात ती पाचशेच्या वर होती. शर्यतीत न उतरणाऱ्या सामान्य गिऱ्हाइकाने ती घेऊ नये म्हणून आकडा मुद्दाम कमी दाखविला होता. त्या गाडीत ना रेडिओ होता, ना थंडीत ऊब देणारे यंत्र. पेट्रोलही साध्या पंपावरचे चालत नसे. १९६७ मध्ये अशा फक्त २० गाड्या विकल्या गेल्या.

टोयोटा २००० जीटी ऑक्टोबर १९६५ मध्ये तोक्योच्या प्रदर्शनात प्रथम दिसली आणि मे १९६७ पासून विक्रीस आली. सहा सिलिंडर एका ओळीत, आकारमान दोन लिटर, शक्ती १५० अश्वशक्ती. म्हणजे इंजिन अमेरिकन गाडीच्या एक तृतीयांशाहून लहान. पण गाडीचे वजन केवळ १,१२० किलो, पाच गतींचा गियर आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक. इंजिनाचा खालचा ठोकळा टोयोटाच्या क्राऊन या घरगुती गाडीचा. त्यावरचे अॅल्युमिनियमचे डोके यामाहाने घडविले. गाडी जोडलीही यामाहानेच, बव्हंशी हातांनी. यामाहाचे मूळ पेटी-पियानो बनविण्याच्या कारखान्यात आहे, आणि गाडीतील लाकडी फळी व चाक त्याच घराण्यातील सुतारांच्या हातचे आहे. १९७० पर्यंत विक्रीसाठी एकूण ३३७ गाड्या झाल्या. सेंट लुईसच्या कारखान्याला एवढ्या गाड्या करावयास आठवडाही लागला नसता.

वेगाचे म्हणाल तर थेट शर्यतीत सात लिटरची कॉर्व्हेट पुढे जाईल यात शंका नाही. पण टोयोटाने वेगळी परीक्षा दिली. ऑक्टोबर १९६६ मध्ये याताबे येथील गोल मार्गावर तिने ७८ तास अखंड धाव घेतली. ७२ तासांचा सरासरी वेग ताशी २०६ किलोमीटर पडला, आणि त्या धावेत तीन जागतिक विक्रम नोंदले गेले. आपल्या जिल्ह्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० ची मर्यादा आहे. ती गाडी तीन दिवस व तीन रात्री त्याच्या पावणेदोनपट वेगाने, केवळ पेट्रोल, टायर आणि चालक बदलण्यापुरती थांबत, धावत राहिली. एक गाडी क्षणाची ताकद दाखवीत होती, दुसरी टिकाऊपणा. युद्धात हरलेल्या देशाला आपला माल टिकतो हेच जगाला पटवायचे होते.

किमतीही बोलक्या आहेत. अमेरिकेत १९६७ ची साधी कॉर्व्हेट साडेचार हजार डॉलरच्या आत मिळे. टोयोटाला सात हजारांच्या आसपास पडत. जपानी माल म्हणजे स्वस्त माल अशी ज्यांची समजूत होती, त्यांच्या बाजारात ही गाडी अमेरिकन गाडीच्या दीडपट किमतीला उभी होती. अर्थातच ती फारशी खपली नाही, आणि कंपनीला तिच्यातून नफाही झाला नाही. नफा झाला तो प्रतिष्ठेचा.

आज संग्राहक काय देतात? एप्रिल २०१३ मध्ये एक २००० जीटी ११ लाख ५५ हजार डॉलरना विकली गेली, म्हणजे त्या वेळच्या दराने सहा कोटी रुपयांच्या वर. लिलावात दहा लाख डॉलर ओलांडणारी ती पहिली जपानी मोटार. २०२२ मध्ये शर्यतीत धावलेल्या एका २००० जीटीला २५ लाख ३५ हजार डॉलर आले. जानेवारी २०१४ मध्ये १९६७ ची एल-८८ कॉर्व्हेट ३८ लाख ५० हजार डॉलरना गेली. म्हणजे जवळजवळ चोवीस कोटी रुपये.

येथे थोडे थांबून विचार करावा. एल-८८ आणि साधी कॉर्व्हेट एकाच कारखान्यात, एकाच ओळीवर, त्याच कामगारांनी जोडल्या. साध्या गाडीला आज एल-८८ च्या किमतीचा लहानसा अंशच मिळतो. फरक एवढाच की वीस गिऱ्हाइकांनी मागणीच्या कागदावर एका रकान्यात खूण केली आणि वेगळे इंजिन मागविले. टोयोटाची प्रत्येक गाडी मात्र दुर्मिळ आहे ती हातकामामुळे. त्या हातांना याहून अधिक गाड्या करताच आल्या नसत्या. तरी लिलावात अमेरिकन गाडी वरचढ ठरते. याचा अर्थ श्रम जास्त लागले म्हणून किंमत जास्त आली, असे नाही. किंमत ठरते ती वस्तू किती थोडी आहे आणि तिची आठवण असणारे श्रीमंत किती आहेत यावर. १९६७ मध्ये जो अमेरिकन तरुण कॉर्व्हेटकडे डोळे लावून बसे, तो आज वृद्ध आणि सधन आहे. तो आपले तारुण्य विकत घेत असतो. कापसाच्या भावाचे गणित आपण पाहिलेच आहे. हेही त्याच शाळेचे.

मग संग्राहकाच्या दृष्टीने श्रेष्ठ कोणती? मला विचाराल तर मी दोन उत्तरे देईन. गाडी ठेवून ती चालवायची असेल, मोडली तर दुरुस्त करायची असेल, तर कॉर्व्हेट. तिचा जवळजवळ प्रत्येक भाग आजही नव्याने बनविला जातो, आणि ती जाणणारे कारागीर अमेरिकेत गावोगाव आहेत. टोयोटाचे तसे नाही. एक काच फुटली तर मालक हवालदिल होतो. २०२० मध्ये टोयोटानेच या जुन्या गाडीचे काही सुटे भाग पुन्हा बनविण्यास घेतले, त्यावरून अडचण किती होती ते कळते. पण ज्याला एका देशाने आपले कसब कोणत्या टोकापर्यंत नेले हे पाहायचे असेल, त्याने २००० जीटी पाहावी. कॉर्व्हेट हा मोठ्या कारखान्याचा उत्तम माल आहे. २००० जीटी हा लहान कारखान्याचा कसोटीचा माल आहे.

संग्राहकांची एक गोष्ट मात्र मला फार आवडते, आणि तिने मला विचारातही पाडले. अमेरिकेत १९७४ पासून कॉर्व्हेट जतन करणाऱ्यांची एक संस्था आहे. तिच्या परीक्षणात गाडी आरशासारखी चकचकीत केली म्हणून गुण मिळत नाहीत. ती कारखान्यातून जशी निघाली असेल तशी असावी लागते. तेथील कामगाराने खडूने केलेली खूण, तपासनिसाने लावलेला रंगाचा ठिपका, घाईत ओघळलेला रंग, हे सारे जसेच्या तसे असावे असा आग्रह असतो. त्या काळच्या गाड्यांत पेट्रोलच्या टाकीवर एक कागद चिकटविलेला असे. या गाडीत काय काय बसवायचे, हे ओळीवरच्या कामगारांना सांगणारा तो साधा कागद. आज टाकी उतरवून तो कागद सापडला तर मालक नाचू लागतो, कारण नकली एल-८८ पुष्कळ आहेत आणि खऱ्या गाडीची साक्ष तोच कागद देतो. कामगाराच्या हातातील कागदाने गाडीला लाखो डॉलरची किंमत येते. खडूची खूण जपली जाते. खूण करणाऱ्याचे नाव मात्र कोणी विचारीत नाही. काचतंतूंचे अंग घासताना ती कुसळे ज्यांच्या कातडीत रुतली, त्यांचे तर नाहीच नाही.

या दोन कंपन्यांची पुढे एकदा गाठ पडली, ती हकिगत सांगितल्यावाचून हा विषय पुरा होणार नाही. कॅलिफोर्नियात फ्रेमाँट येथे जनरल मोटर्सचा एक कारखाना होता. गैरहजेरी, भांडणे आणि खराब माल यांसाठी तो बदनाम झाला आणि १९८२ मध्ये बंद पडला. दोष कामगारांवर ठेवण्यात आला. १९८४ मध्ये तोच कारखाना जनरल मोटर्स आणि टोयोटा यांनी भागीदारीत उघडला. युनियन तीच, आणि घेतलेली माणसेही बहुतेक जुनीच. फरक एवढा केला की कामात चूक दिसली तर दोरी ओढून सारी ओळ थांबविण्याचा हक्क प्रत्येक कामगाराला दिला. पाहता पाहता तेथील गाड्या जनरल मोटर्सच्या उत्तम मालात गणल्या जाऊ लागल्या. ज्यांना आळशी म्हटले होते ती माणसे बदलली नव्हती. त्यांच्या शब्दाला किंमत आली होती. साकिचीच्या मागात धागा तुटला की यंत्र थांबे. साठ वर्षांनी तेच तत्त्व माणसाच्या हातात दोरी होऊन आले. २०१० मध्ये हा कारखानाही बंद झाला, पण त्याने दिलेली साक्ष पुसली जाण्याचे कारण नाही.

आपल्या महाराष्ट्राशीही या दोघांचा संबंध आलेला आहे. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे मोटारी जोडण्याचा कारखाना काढला आणि १९५४ मध्ये तो बंद केला. पुन्हा २००८ मध्ये पुणे जिल्ह्यात तळेगाव येथे तिने कारखाना उघडला. कॉर्व्हेटवर जे शेवरोलेचे चिन्ह असते तेच येथील लहान गाड्यांवर होते. २०१७ च्या अखेरीस त्या गाड्यांची भारतातील विक्री थांबली, डिसेंबर २०२० मध्ये उत्पादन थांबले, आणि कामगारांच्या संघटनेला बंदीविरुद्ध न्यायालयाची पायरी चढावी लागली. २०२३ मध्ये कारखाना घेण्याचा करार कोरियाच्या ह्युंदाईने केला. टोयोटा आली ती एका मराठी घराण्याचा हात धरून. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी माळरानावर किर्लोस्करवाडी वसविली आणि लोखंडी नांगर केले. त्याच घराण्याशी भागीदारी करून १९९७ मध्ये टोयोटाने कर्नाटकात बिडदी येथे कंपनी काढली. कामगार आणि मालक यांच्या एकोप्यासाठी टोयोटाचे नाव घेतले जाते, पण त्याच बिडदीत २०१४ आणि २०२० मध्ये टाळेबंदी झाली. एकोपा यंत्राबरोबर पेटीत घालून पाठविता येत नाही. तो जेथल्या तेथे कमवावा लागतो. जुलै २०२४ मध्ये छत्रपती संभाजीनगर येथे कारखान्यासाठी टोयोटाच्या कंपनीने महाराष्ट्र सरकारशी सामंजस्य करार केला आहे. समृद्धी महामार्गाने तेथे जाण्यास आपल्याला काही तास लागतात. उद्या आपल्या जिल्ह्यातील मुले तेथे कामाला जातील. त्यांच्या हातात ओळ थांबविणारी दोरी असेल काय, हे विचारण्याची वेळ कारखाना उभा राहण्यापूर्वीची आहे.

आणि एक मागणे आपणा सर्वांकडे आहे. २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांपेक्षा जुन्या मोटारींसाठी नोंदणीचे वेगळे नियम केले, त्यांना वेगळी पाटी दिली. श्रीमंतांच्या जुन्या गाड्यांना कायद्याने वारशाचा मान मिळाला; चांगले झाले. पण आपल्या वारशाचे काय? १९०५ पर्यंत हा स्वतंत्र जिल्हा होता, मग अकोल्यात गेला, १९९८ मध्ये पुन्हा वेगळा झाला. या साऱ्या उलथापालथीत आपण कापसाकडून सोयाबीनकडे आलो. जुन्या जिनांचे रेचे भंगारात निघाले, प्रेसच्या चिमण्या पडल्या. मस्टर, हजेरीची पुस्तके, गाठींच्या नोंदी, मजुरीच्या पावत्या कोठे कोणाच्या माळ्यावर असतील त्या वाळवीच्या स्वाधीन आहेत. कॉर्व्हेटच्या टाकीवरचा एक कागद जपण्यासाठी अमेरिकेत माणसे गाडी उलटी करतात. आपल्या आजोबांचे नाव ज्या मस्टरवर आहे तो कागद जपण्यासाठी आपल्याला फक्त माळ्यावर चढायचे आहे.

वाचनालयाने एक कपाट मोकळे करावे. ज्याच्या घरी जिन, प्रेस, आडत, रेल्वेचा मालधक्का यांचा जुना कागद असेल त्याने तो आणून द्यावा, निदान त्याची नक्कल करू द्यावी. ज्या म्हाताऱ्या माणसांनी त्या यंत्रांवर काम केले त्यांच्या तोंडची हकिगत त्यांच्या नावानिशी लिहून घ्यावी. पुढच्या वसंतात मला येथे बोलावले नाही तरी चालेल; त्या कपाटातील कागद वाचून एखाद्या तरुणाने येथे उभे राहावे आणि कारंज्याच्या एखाद्या जिनाचा इतिहास तेथल्या कामगारांच्या नावांसह सांगावा. तो ऐकण्यास मी श्रोत्यांत येऊन बसेन.